सबबसाहेबांचे गाळलेले परिच्छेद

आमच्या न्यायालयाच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक लांबोडकी शेड आहे. तिच्या एका टोकाला मी बसतो. मी नोटरी. दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारणं हा माझा व्यवसाय. वकिलीची सनद माझ्याकडेही आहे. पण न्यायाधीशांपुढं उभं राहिलं की माझे पाय आणि जीभ एकाच वेळी लटपटायचे, म्हणून वेळीच बसून करायचं काम शोधलं. माझ्या टेबलाला लागून टायपिस्टबाईंचं टेबल. सव्वीस वर्षं त्या तिथं वकिलांचे मसुदे टाइप करताहेत. आधी खडखडणारं यंत्र होतं, मग संगणक आला. वकिलांच्या भाषेत मात्र काही फरक पडला नाही.

बाईंचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे सबबसाहेब. खरं नाव त्यांच्या पाटीवर आहे, पण ते फक्त पोस्टमन वाचतो. कोर्टाच्या भाषेत ‘सबब’ म्हणजे ‘म्हणून’, आणि घरच्या भाषेत ‘सबब’ म्हणजे न केलेल्या कामाचं कारण. साहेबांच्या लिखाणात हे दोन्ही अर्थ गुण्यागोविंदानं नांदायचे. हिरव्या शाईच्या पेनानं, लांब कागदावर, एकटाकी लिहायचे. नमनालाच दोन घडे तेल. वादी कोण हे पान चारवर कळायचं, झालं काय हे पान अकरावर, आणि त्याला हवं काय हे कधीकधी शेवटपर्यंत कळायचंच नाही. प्रतिवादी कधी नुसता खोटं बोलायचा नाही. तो ‘धादांत, सपशेल, हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीने’ खोटं बोलायचा. माणूस मनानं चांगला, कायद्याचा अभ्यास दांडगा, बोलणं खणखणीत. फक्त लिहायला बसला की त्याला आवरणारं कोणी नव्हतं.

बाईंनी त्यांना आवरलं ते काही मराठी भाषेच्या प्रेमापोटी नाही. बाईंचं मनगट दुखत होतं.

पाचेक वर्षांपूर्वीची गोष्ट. डॉक्टरांनी मनगटाला पट्टा बांधला आणि सांगितलं, टायपिंग निम्म्यावर आणा. बाई म्हणाल्या, “हे वकिलांना सांगा.” डॉक्टरांनी सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी सबबसाहेब एकतीस पानं टेबलावर टाकून गेले. एका शिंप्याचा अर्ज होता. त्याच्या दुकानाला एकच खिडकी, आणि शेजारी त्या खिडकीसमोर भिंत घालणार होता. भिंत थांबवायची होती, तातडीनं. साहेबांनी सुरुवात केली होती ती ‘मनुष्यप्राण्याच्या जीवनात प्रकाशाचे स्थान अनन्यसाधारण आहे’ इथून. सूर्यापासून निघून खिडकीपर्यंत पोचायला त्यांना नऊ पानं लागली होती.

बाईंनी दीड पान टाइप केलं. मनगटातून कळ आली. त्या थांबल्या, डबा उघडला आणि सगळे कागद एकदा नुसतेच वाचून काढले. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “नोटरीसाहेब, हे जर आमच्या सासूबाईंना सांगितलं ना, तर त्या पहिल्याच वाक्याला उठून जातील.”

बाईंच्या सासूबाई ही काय चीज आहे ते सांगायला हवं. त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं आणि दुसऱ्या कानानं त्या ऐकतच नाहीत. घरात कोणी काही सांगायला लागलं की त्यांचा एकच प्रश्न असतो: “तुला काय पाहिजे ते आधी सांग, मग रड.” ते सांगितलं की विचारतात, “का?” आणि त्याचं उत्तर पटलं तरच पुढचं ऐकतात. तीस वर्षं सासूबाईंच्या न्यायालयात सून रोज हजर होत होती. वकिलीचं याहून कडक प्रशिक्षण कोणत्या कॉलेजात मिळतं, मला ठाऊक नाही.

बाईंनी त्या दुपारी एकतीस पानांची तीन पानं केली. पहिलं वाक्य असं होतं: ‘अर्जदार शिंपी आहे; त्याच्या दुकानाला एकच खिडकी आहे; तिच्यासमोर उद्या सकाळी भिंत उभी राहणार आहे, ती थांबवावी ही विनंती.’ तारखा, नावं, मोजमापं यांना त्यांनी हात लावला नाही. आपल्या पदरचा मजकूर घातला नाही. फक्त सूर्य काढला.

पानावर पैसे मिळणारी बाई पानं कापते म्हणजे स्वतःच्याच पोटावर पाय देते, हे मी बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “पोट भरायला हात लागतो हो.”

आता तुम्ही म्हणाल, साहेबांना कळलं कसं नाही? त्याला कारण म्हणजे साहेबांचा स्वतःवरचा विश्वास. आपलं लिखाण पुन्हा वाचणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. सही करताना ते थेट शेवटचं पान उघडायचे. जोडलेल्या कागदपत्रांमुळं फाईल होती तेवढीच जाड दिसायची. आणि कोर्टात युक्तिवाद करताना ते कागदाकडं बघत नसत, छताकडं बघत.

त्या सुमाराला आमच्याकडं नवे न्यायाधीश आले होते. त्यांना एक विचित्र व्यसन होतं. ते कागद वाचत. शिंप्याचा अर्ज त्यांनी वाचला, पेन्सिल खाली ठेवली आणि भर कोर्टात म्हणाले, “या न्यायालयात आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी पहिल्याच पानावर काय हवंय ते सांगितलं.” भिंत थांबली. साहेब बाहेर आले ते छाती पुढं काढून. जिन्यावर भेटेल त्याला सांगत होते, “प्रकाशाचा मुद्दा बरोबर लागला!”

शेडमध्ये बाई पट्टा सोडून मनगट चोळत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी शिक्का मारला.

पुढची चार वर्षं हेच चाललं. साहेब पाल्हाळ लावायचे, बाई ते कापायच्या, न्यायाधीश वाचायचे आणि साहेब जिंकायचे. सगळेच खटले जिंकले असं नाही. पण हरले तेही ऐकून घेतलं गेल्यावर हरले, हा फरक होता. बाईंची नजरही तयार होत गेली. एकदा अशिलाच्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट साहेबांनी पान अठ्ठावीसच्या तळाशी दडपली होती. बाईंनी ती उचलून पहिल्या पानावर आणली, कारणासकट. मी घाबरलो. म्हटलं, “बाई, हे समोरच्याच्या हातात कोलीत!” त्या म्हणाल्या, “फुटलेल्या कपाची बातमी आपण सांगितली तर एक कप फुटतो. शेजारणीनं सांगितली की सेट फुटतो.”

एकदा मात्र त्या चुकल्या. ‘सदर दावा चालविण्याचा या न्यायालयास अधिकार आहे’ हे वाक्य त्यांना नटवं वाटलं, म्हणून काढून टाकलं. दावा दुरुस्तीसाठी परत आला. साहेबांनी कोर्टाच्या कारकुनाला दोष दिला, कारकुनानं संगणकाला. बाईंचा चेहरा उतरला होता. त्या दिवशी मी त्यांना कोणती वाक्यं काढायची नसतात याची यादी करून दिली. सनद मिळाल्यापासून कायद्याची एवढी सेवा मी कधीच केली नव्हती. आणि त्या कटात मी रीतसर सामील झालो तोही त्याच दिवशी.

साहेबांची कीर्ती वाढली. वकील संघानं ठरवलं की नव्या वकिलांसाठी कार्यशाळा घ्यायची: ‘लेखी युक्तिवाद प्रभावी कसा करावा’. वक्ते अर्थातच सबबसाहेब. भाषण टिपून घ्यायला बाईंना बोलावलं आणि श्रोते कमी पडू नयेत म्हणून मला.

संघाच्या सभागृहात साठेक जण होते. साहेब उभे राहिले आणि ‘थोडक्यात लिहिणे’ या मुद्द्यावर पाऊण तास बोलले. लेखन म्हणजे तप, लेखन म्हणजे शस्त्र, लेखन म्हणजे नदी. समोरची पोरं मोबाईलमध्ये तोंड घालून नदीपार झाली होती. मग साहेब म्हणाले, “आता प्रत्यक्ष उदाहरणच दाखवतो. माझा गाजलेला शिंप्याचा अर्ज!”

त्यांनी कोर्टाच्या नक्कल विभागातून प्रमाणित प्रत आणवली होती. घरचा हिरव्या शाईचा मसुदा त्यांना सापडला नव्हता. सापडणार कसा, तो बाईंच्या खणात होता. पडद्यावर पहिलं पान आलं. माझ्या शेजारी बाईंनी पेनाला टोपण घातलं.

“आता बघा,” साहेब पडद्याकडं पाठ करून म्हणाले, “पहिल्या परिच्छेदात मी प्रकाशाची वैश्विक संकल्पना कशी मांडली आहे...” आणि ते वाचायला वळले.

‘अर्जदार शिंपी आहे.’

साहेब थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. शिंपी होता तिथंच होता. त्यांनी पुढचं पान मागितलं, मग त्यापुढचं. तिसऱ्या पानावर त्यांची स्वतःची, झोकदार, दुहेरी रेघ मारलेली सही होती. सभागृहात पहिल्यांदाच शांतता पसरली. पोरांनी मोबाईल खाली ठेवले, कारण बोलणारा माणूस गप्प झाला की नक्की काहीतरी घडलेलं असतं.

पण वकील तो वकील. साहेबांनी दहा सेकंदांत तोल सावरला. “बघितलंत?” ते म्हणाले. “वैश्विक संकल्पना कुठंही दिसत नाही. का? कारण ती मी मुद्दाम गाळली!”

टाळ्या पडल्या. पोरांनी लिहून घेतलं: संकल्पना गाळावी. साहेबांनी टाळ्या घेतल्या, पण त्यांचे डोळे मागच्या रांगेत बाईंना शोधत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेडमध्ये आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“माझे परिच्छेद कुठं आहेत?”

“कोणते, साहेब?”

“सगळे!”

बाईंनी खालचा खण ओढला. चार वर्षांचे हिरव्या शाईचे गठ्ठे, प्रत्येकाला दोरी, प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी. “हे घ्या. एकही हरवलेला नाही.”

साहेबांनी वरचा गठ्ठा उचलला, दोन पानं चाळली. कान लाल झाले. ते रागानं झाले की जे वाचलं त्यानं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. “तुम्हाला कायद्यातलं काय कळतं हो?”

“काहीच कळत नाही, साहेब. म्हणून मला कळेपर्यंत कापते.”

“न्यायाधीशांना कायदा कळतो!”

“मग त्यांना तो शिकवता कशाला?”

साहेब माझ्याकडं वळले. “आणि तुम्ही इथं बसून हे बघत होता?”

“मी वाचत नाही, साहेब,” मी म्हटलं. “मी शिक्का मारतो.” आयुष्यात इतकं पळपुटं आणि इतकं खरं वाक्य मी दुसरं बोललो नसेन.

“विश्वासघात आहे हा,” साहेब म्हणाले. खरं सांगायचं तर त्यात तथ्य होतं. ज्याच्या सहीनं कागद जातो त्याला न विचारता त्यात हात घालणं बरोबर नाही. बाईंनाही ते ठाऊक होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “सांगायला हवं होतं. चुकलं माझं. पण सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?” साहेब गठ्ठे छातीशी धरून निघून गेले. जाताना दोन पडले, ते मी उचलून दिले.

त्यानंतर साहेबांनी तोंडी सांगितलेलं आपोआप टाइप करणारं यंत्र घेतलं. म्हणजे संगणकाला माईक. बोला, आणि जसंच्या तसं कागदावर. एक शब्द इकडचा तिकडं नाही. साहेबांना आयुष्यात प्रथमच आज्ञाधारक टायपिस्ट मिळाला.

पहिलंच काम एका मुख्याध्यापिकांचं होतं. त्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर लहान मुलांची शाळा चालवत होत्या आणि घरमालकाला जागा महिनाभरात रिकामी हवी होती. साहेबांनी छताकडं बघत चव्वेचाळीस पानं सांगितली. शेवटचं पान उघडलं, सही केली, दाखल केली.

सुनावणीला मी मुद्दाम गेलो. न्यायाधीशांनी पेन्सिलीनं एका ओळीवर टिचकी मारली.

“वकीलसाहेब, परिच्छेद एकोणीस. मी वाचतो. ‘सबब प्रतिवादीचे म्हणणे सपशेल खोटे असून अगं हो घेतली गोळी किती वेळा सांगू प्लंबर आला का त्याला म्हणावं आधी बाथरूमचा नळ बघ सबब दावा मंजूर व्हावा.’ हा प्लंबर या दाव्यात पक्षकार आहे का?”

कोर्टात हसू फुटलं. साहेब छताकडं बघत होते, पण आज तिथं काही लिहिलेलं नव्हतं. न्यायाधीश हसले नाहीत. म्हणाले, “सहा पानांत द्या. सात दिवसांत. आणि शाळेत मुलं किती आहेत ते कुठं लिहिलंय, मला सापडलं नाही.”

मुख्याध्यापिकांनी गृहपाठ दुसऱ्याकडून करून आणणाऱ्या मुलाकडं बघावं तसं साहेबांकडं पाहिलं. साहेबांचे केस पिकलेत, पण त्या नजरेखाली ते बाकावर उभे असल्यासारखे दिसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब शेडमध्ये आले आणि बाईंच्या टेबलासमोर, अशिलांच्या स्टुलावर बसले. हातात कागद होते. हिरव्या शाईच्या ओळी, त्यातल्या निम्म्याहून अधिक त्यांनी स्वतःच्याच हातानं खोडलेल्या. “नऊ पानांपर्यंत आणलंय,” ते टेबलाकडं बघत म्हणाले. “पुढं जात नाहीये.”

बाईंनी कागद ओढून घेतले. विजयाचा आव नाही, टोमणा नाही. माझ्या जिभेवर तीन टोमणे तयार होते, ते मी गिळले.

“शाळेत मुलं किती?” बाईंनी विचारलं.

“एकशे बारा.”

“हे कुठं लिहिलंय?”

“पान सात.”

“आणि पान एकवर काय आहे?”

“शिक्षणाचं महत्त्व.”

“न्यायाधीशसाहेब शिकलेले आहेत ना?”

साहेबांनी पेन काढलं आणि शिक्षणाचं महत्त्व स्वतः खोडलं. एखाद्यानं वाढवलेली मिशी काढावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मग भाडेकरार दोन वर्षांपूर्वीच संपला होता, ही अडचणीची गोष्ट निघाली. साहेबांनी ती पान आठवर झाकली होती. “समोरचा वकील पहिल्यांदा हेच बोलणार,” ते म्हणाले.

“मग आपण त्याच्या आधी बोलू. करार संपल्यावर घरमालकांनी काय केलं?”

“काहीच नाही. उलट नातीचं नाव याच शाळेत घातलं.”

बाईंचे हात थांबले. “साहेब, हे तुमच्या नऊ पानांत कुठंच नाही.”

“त्याला कायद्यात काही स्थान नाही.”

“घरमालकांनी करार संपल्यावरसुद्धा शाळा इथंच राहणार असं धरलं होतं, हे यावरून दिसत नाही का?”

साहेबांनी आपली नऊ पानं पुन्हा चाळली. मग हळूच म्हणाले, “दिसतं. कायद्यातही बसतं.” आणि ती ओळ त्यांनी लिहिली, स्वतःच्या हातानं, पहिल्या पानावर: ‘भाडेकरार दोन वर्षांपूर्वी संपला, हे खरे आहे. त्यानंतर प्रतिवादीने आपल्या नातीस याच शाळेत घातले. ती आजही येथेच शिकते.’

दोन तास दोघं भांडत होते. ‘धादांत’ गेलं, ‘दुष्ट बुद्धी’ गेली. शेवटी ‘अत्यंत’ या शब्दावर साहेब अडून बसले. “एक तरी ठेवा हो!” ते कळवळून म्हणाले. बाईंनी एक ठेवला, पान पाचवर, जिथं त्यानं कोणाचं काही बिघडत नव्हतं.

न्यायाधीशांनी सहा पानं वाचली आणि समोरच्या वकिलांना एकच प्रश्न विचारला: “नात कितवीत आहे?” शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत शाळेला कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. पूर्ण विजय नव्हे. पण मुख्याध्यापिकांना दुसरी जागा शोधायला आठ महिने मिळाले आणि त्यांनी ती शोधलीही.

वकील संघानं पुढं दुसरी कार्यशाळा ठरवली. साहेब म्हणाले, टायपिस्टबाईही बोलतील. संघाच्या नियमाप्रमाणं वकिलांना फक्त वकीलच शिकवू शकतो. बरीच खलबतं झाली आणि बाईंचं नाव पत्रिकेवर ‘ध्वनिव्यवस्था’ या सदराखाली छापलं गेलं. ध्वनिव्यवस्था अकरा मिनिटं बोलली. पोरांनी एकदाही मोबाईल काढला नाही. आता शनिवारी दुपारी चार-पाच जण शेडमध्ये येतात. बाई त्यांना लिहू देत नाहीत. आधी तोंडानं सांगायला लावतात आणि मध्येच उठून पाणी प्यायला जातात. त्या परत येईपर्यंत ज्याला आपलं म्हणणं एका वाक्यात आणता आलं, त्याला पेन मिळतं.

साहेबांनी बाईंचे आभार मानल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. गेल्या महिन्यात समोरच्या वकिलांनी पन्नास पानी कैफियत टाकली. न्यायाधीशांनी साहेबांना विचारलं, उत्तर किती दिवसांत देता? साहेब उभे राहिले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, “माझ्या टायपिस्टबाईंना विचारून सांगतो. दोन दिवस लागतील.”

लोक हसले. साहेब हसले नाहीत. मी पळत शेडमध्ये येऊन बाईंना हे सांगितलं. त्यांनी टाइप करता करताच विचारलं, “दोन दिवस कशाला? उद्या दुपारी या म्हणावं.”